आर्द्रताशोषी चूर्णांच्या कणांचे आकारमान : मापनाच्या पद्धती आणि मुंबई उपनगरातील हवामान

गोषवारा

औषधनिर्मिती, दुग्धव्यवसाय, खतनिर्मिती आणि पर्यावरण-निरीक्षण या चारही क्षेत्रांत चूर्णाच्या कणांचे आकारमान ही गुणवत्तेची महत्त्वाची कसोटी मानली जाते. चूर्ण हवेतील बाष्प शोषणारे असेल तर मापन चालू असतानाच कणांचे आकारमान बदलू शकते. प्रस्तुत लेखात या बदलामागील भौतिक-रासायनिक कारणे, प्रचलित मापनपद्धतींच्या मर्यादा आणि गोरेगावसारख्या किनारी उपनगरातील महाविद्यालयीन प्रयोगशाळेस शक्य असणारे उपाय यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : कण-आकारमान, आर्द्रताशोषण, सापेक्ष आर्द्रता, चाळणी-विश्लेषण, लेसर विवर्तन, दूधभुकटी, युरिया.

१. प्रस्तावना

गोरेगावच्या पश्चिमेस खाडी व कांदळवने आणि पूर्वेस आरेचा वनाच्छादित प्रदेश आहे. येथून जवळच असलेल्या सांताक्रूझ वेधशाळेच्या नोंदींनुसार जुलै-ऑगस्टमध्ये सरासरी सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते, तर हिवाळ्यात दुपारच्या वेळी ती ५० टक्क्यांच्या आसपास उतरते. याचा अर्थ असा की, एकाच प्रयोगशाळेत, एकाच उपकरणावर, एकाच बाटलीतील चूर्ण जानेवारीत आणि जुलैत तपासले तर दोन भिन्न उत्तरे मिळू शकतात आणि दोन्ही वेळा उपकरण निर्दोष असू शकते.

या परिसराचा चूर्णांशी असलेला संबंध जुना आहे. मुंबईच्या दूधपुरवठ्यासाठी गोरेगाव येथे १९४९ मध्ये आरे दुग्धवसाहत स्थापन झाली. या योजनेचे शिल्पकार दारा खुरोडी यांनी ‘टोन्ड’ दुधाची कल्पना प्रत्यक्षात आणली. म्हशीच्या स्निग्ध दुधात पाणी आणि स्निग्धांशविरहित दूधभुकटी मिसळून ते अधिक लोकांना परवडेल असे करणे हे तिचे सूत्र होते. १९६३ मध्ये खुरोडी यांना त्रिभुवनदास पटेल व वर्गीस कुरियन यांच्यासह रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या योजनेचे सामाजिक महत्त्व सर्वज्ञात आहे. तिचा एक तांत्रिक पैलू मात्र क्वचितच चर्चिला जातो. तो म्हणजे, ही सारी योजना भुकटी पाण्यात नीट मिसळण्यावर अवलंबून होती आणि भुकटीचे मिसळणे तिच्या कणांच्या आकारमानावर व कोरडेपणावर अवलंबून असते.

२. आर्द्रताशोषण : संकल्पना व प्रमाण

हवेतील बाष्प शोषून घेणाऱ्या पदार्थास आर्द्रताशोषी म्हणतात. तथापि ‘आर्द्रताशोषी आहे’ एवढे विधान पुरेसे नाही. युरोपीय औषधकोशाने त्याचे प्रमाण ठरवून दिले आहे. २५ अंश सेल्सिअस तापमानास व ८० टक्के सापेक्ष आर्द्रतेत २४ तास ठेवल्यावर वस्तुमान ०.२ टक्के ते २ टक्क्यांपर्यंत वाढल्यास पदार्थ किंचित आर्द्रताशोषी, २ ते १५ टक्क्यांपर्यंत वाढल्यास आर्द्रताशोषी आणि १५ टक्के वा त्याहून अधिक वाढल्यास अत्यंत आर्द्रताशोषी समजला जातो. शोषलेल्या पाण्यात पदार्थ स्वतःच विरघळून द्रव तयार झाल्यास त्याची गणना चौथ्या वर्गात, म्हणजे प्रस्वेदी पदार्थांत होते. व्यवहारात आपण ‘मिठाला पाणी सुटले’ असे म्हणतो, ते हेच प्रस्वेदन होय.

प्रत्येक जलविद्राव्य स्फटिकी पदार्थाची एक क्रांतिक सापेक्ष आर्द्रता असते. तिच्या खाली स्फटिक कोरडा राहतो आणि तिच्या वर त्यास पाणी सुटू लागते. २५ अंश तापमानास ही मर्यादा लिथियम क्लोराइडसाठी सुमारे ११ टक्के, मॅग्नेशियम क्लोराइडसाठी ३३ टक्के, सोडियम क्लोराइडसाठी ७५ टक्के व पोटॅशियम क्लोराइडसाठी ८४ टक्के आहे. मुलुंड, भांडुप, कांजूरमार्ग या पट्ट्यातील मिठागरांचे मीठ पावसाळ्यात का पाझरते, याचा उलगडा या आकड्यांतून होतो. समुद्रापासून मिळणाऱ्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश राहिला, तर ७५ टक्क्यांच्या कितीतरी खालीच स्फटिकांवर द्रवाचा थर जमतो. मुंबईच्या पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांवर असल्याने उघड्यावर शुद्ध मीठही कोरडे राहत नाही.

मिश्रणांच्या बाबतीत ही मर्यादा आणखी खाली येते. ३० अंश तापमानास युरियाची क्रांतिक आर्द्रता ७२.५ टक्के आणि अमोनियम नायट्रेटची ५९.४ टक्के आहे, परंतु दोहोंच्या मिश्रणाची केवळ १८.१ टक्के आहे. म्हणजेच वेगवेगळी असताना कोरडी राहणारी दोन खते एकत्र येताच मुंबईच्या कोणत्याही ऋतूत ओली होतील. नमुन्यातील अल्पशी अशुद्धीही मापन का बिघडवू शकते, हे यावरून ध्यानात यावे.

३. आकारमान का बदलते?

आर्द्रतेमुळे कणाचे आकारमान चार प्रकारे बदलते.

पहिला प्रकार फुगण्याचा. सोडियम क्रोमोग्लायकेट हे दम्यावरील औषध १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये डॉ. रॉजर अल्टूनियन यांच्या संशोधनातून पुढे आले आणि ते कोरड्या चूर्णाच्या रूपात श्वासावाटे देण्यासाठी खास उपकरणही तयार झाले. या पदार्थाची स्फटिकजाली आर्द्रतेनुसार प्रसरण पावते व प्रत्येक रेणूमागे नऊपर्यंत जलरेणू सामावून घेते. हवा कोरडी झाली की पाणी बाहेर पडते. येथे आकारमान हा पदार्थाचा स्थिर गुणधर्म राहत नाही, ते हवेचे फलन बनते.

दुसरा प्रकार विरघळून थेंब होण्याचा. समुद्रावरून येणाऱ्या हवेतील मिठाचा सूक्ष्म कण ८० टक्के आर्द्रतेत द्रवबिंदू बनतो आणि त्याचा व्यास कोरड्या अवस्थेच्या सुमारे १.८ पट, म्हणजेच घनफळ जवळपास सहापट होते. विशेष म्हणजे हा बदल ज्या मार्गाने घडतो त्याच मार्गाने उलटत नाही. कोरडा कण ७५ टक्क्यांस विरघळतो, परंतु तयार झालेला थेंब पुन्हा स्फटिक होण्यासाठी आर्द्रता सुमारे ४५ टक्क्यांपर्यंत खाली यावी लागते. त्यामुळे ६० टक्के आर्द्रतेत मिठाचा कण कोरडाही असू शकतो आणि थेंबही. आर्द्रतेची केवळ तत्कालीन नोंद पुरेशी नाही, तर नमुन्याचा पूर्वेतिहासही माहीत असावा लागतो.

तिसरा प्रकार चिकटण्याचा. दोन कणांच्या स्पर्शबिंदूपाशी पाण्याचा सूक्ष्म सेतू तयार होतो आणि पृष्ठताणामुळे कण एकमेकांकडे ओढले जातात. हे बल कणाच्या व्यासाच्या प्रमाणात असते, तर कणाचे वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात. म्हणून कण जितका बारीक, तितके चिकटवणारे बल त्याच्या वजनापुढे प्रबळ ठरते. पुढे हवा कोरडी झाली तर सेतूतील विरघळलेला पदार्थ स्फटिकरूपाने घट्ट होतो आणि पुंजक्याचे कठीण ढेकूळ बनते.

चौथा प्रकार अंतर्गत रचना बदलण्याचा. फवारणी पद्धतीने वाळवलेल्या दूधभुकटीतील लॅक्टोज बहुतांशी अस्फटिकी असते. स्निग्धांशविरहित भुकटीत त्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपास असते. कोरडे अस्फटिकी लॅक्टोज काचेसारखे कठीण असते व १०० अंशांच्या आसपास ते मऊ होते. पाणी शोषले की हे मृदुतातापमान झपाट्याने खाली येते, कण खोलीच्या तापमानासच चिकट होतात आणि लॅक्टोज स्फटिक बनून शोषलेल्या पाण्यापैकी काही बाहेर टाकते. अशा वेळी वजनातील वाढ थांबून उलट घट दिसते. अनुभव नसलेला विद्यार्थी ती नमुना वाळल्याची खूण समजण्याचा संभव असतो.

याच चिकटपणाचा उपयोगही करून घेता येतो. १९५० च्या दशकात विकसित झालेल्या ‘इन्स्टंट’ दूधभुकटीच्या प्रक्रियेत बारीक कण मुद्दाम ओलसर करून त्यांचे सच्छिद्र पुंजके बनवतात आणि पुन्हा वाळवतात. असे पुंजके पाण्यात लवकर भिजतात. पुंजका नेहमीच दोष असतो असे नाही. मात्र आपण मूळ कण मोजत आहोत की पुंजका, हे मापनापूर्वी निश्चित असले पाहिजे.

४. प्रचलित पद्धती आणि त्यांच्या मर्यादा

(अ) चाळणी-विश्लेषण : ही सर्वांत जुनी, स्वस्त आणि कायद्याने मान्य पद्धत होय. भारतीय औषधकोशातील चूर्णांचे वर्ग चाळणीच्या छिद्रांवर आधारलेले आहेत. उदाहरणार्थ, ज्याचे सर्व कण १.७० मिलिमीटरच्या चाळणीतून जातात आणि ४० टक्क्यांहून अधिक भाग ३५५ मायक्रोमीटरच्या चाळणीतून जात नाही, ते भरड चूर्ण होय. आर्द्रताशोषी पदार्थाबाबत या पद्धतीत तीन अडचणी येतात. चाळणी हलत असताना चूर्ण हवेच्या सतत संपर्कात राहते, ओलसर कण छिद्रे बुजवतात आणि वजन घेण्याच्या काळात वस्तुमानच वाढते. चाळण्यांवर उरलेल्या भागांची बेरीज मूळ वजनापेक्षा अधिक आली, तर नमुन्याने पाणी घेतले अशी शंका प्रथम घ्यावी.

(आ) सूक्ष्मदर्शक : कणांकडे प्रत्यक्ष पाहण्याची ही पद्धत आजही अपरिहार्य आहे. आर्द्रताशोषी चूर्ण काचपट्टीवर द्रव पॅराफिनमध्ये पसरून वर आच्छादन-काच ठेवल्यास हवेचा संपर्क तुटतो. नेत्रिकेतील मोजपट्टीचे अंशांकन मानक काचपट्टीवरून करून घ्यावे. मोजलेल्या कणांची संख्या मर्यादित असणे ही तिची उणीव खरी, पण मूळ कण व पुंजका यांतील भेद थेट दाखवण्यात ती इतर पद्धतींहून सरस आहे.

(इ) अवसादन : जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ मध्ये मांडलेल्या नियमानुसार द्रवात बुडणाऱ्या लहान गोल कणाचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. येथे पाणी वापरता येत नाही, कारण कण विरघळतो. ज्यात पदार्थ अविद्राव्य आहे असा द्रव निवडावा लागतो. किंचित विद्राव्यताही घातक ठरते, कारण लहान कण विरघळून मोठ्यांवर जमा होतात आणि चूर्ण काळानुसार जाडसर होत जाते.

(ई) विद्युत-रोध पद्धत : वॉलेस कोल्टर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत सूक्ष्म छिद्रातून जाणारा प्रत्येक कण विद्युतरोधात क्षणिक वाढ घडवतो. माध्यम विद्युतवाहक असणे आवश्यक असल्याने सामान्यतः क्षारयुक्त पाणी वापरतात. जलविद्राव्य पदार्थांसाठी मद्यार्कात विरघळवलेले योग्य क्षार घ्यावे लागतात.

(उ) लेसर विवर्तन : कण जितका लहान, तितका प्रकाश मोठ्या कोनात विखुरतो, या तत्त्वावर आधारलेल्या या पद्धतीसाठी आय.एस.ओ. १३३२० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. औषधउद्योगात ती आज सर्वाधिक वापरली जाते. निकाल सामान्यतः डी-१०, डी-५० व डी-९० या तीन आकड्यांत देतात. डी-५० म्हणजे ज्याच्याहून लहान कणांत चूर्णाचे निम्मे घनफळ सामावते तो व्यास. घनफळावर आधारलेल्या वितरणाचा अर्थ लावताना सावध असावे. १०० मायक्रोमीटरचा एक पुंजका घनफळाने एक मायक्रोमीटरच्या दहा लाख कणांच्या बरोबरीचा असतो. त्यामुळे मोजकेच पुंजकेही डी-९० ला मोठ्या प्रमाणात वर नेऊ शकतात. कोरड्या पद्धतीत कण विलग करण्यासाठी दाबाखालील हवा वापरतात. ती हवा शुष्क नसेल, तर विलग करणारे साधनच ओलावा पुरवते. दाब फार कमी ठेवल्यास पुंजके फुटत नाहीत आणि फार वाढवल्यास मूळ कणच फुटतात. म्हणून अनेक दाबांवर मापन करून ज्या टप्प्यात उत्तर स्थिर राहते तो टप्पा निवडावा व त्याची खातरजमा सूक्ष्मदर्शकाने करावी.

५. वाळवणे हा उपाय आहे काय?

ओला नमुना दिसताच तो भट्टीत ठेवणे हा सहज सुचणारा उपाय आहे. तो अनेकदा नवीन चूक निर्माण करतो. सौरमिठाच्या स्फटिकांत खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म कप्पे अडकलेले असतात. तापवल्यावर ते फुटून स्फटिक तडतडतात आणि कण लहान होतात. जलयुक्त मॅग्नेशियम क्लोराइड तापवल्यास हायड्रोजन क्लोराइड वायू निघून पदार्थाचे रासायनिक स्वरूपच बदलते. क्रोमोग्लायकेटसारख्या पदार्थात पाणी काढणे म्हणजे जाली आकुंचित करणे. म्हणून ‘पूर्ण कोरडा नमुना’ हे ध्येय न ठेवता ‘ज्ञात आर्द्रतेशी समतोल साधलेला नमुना’ हे ध्येय ठेवणे शास्त्रीयदृष्ट्या अधिक योग्य होय.

त्यासाठी महागड्या कक्षाची आवश्यकता नाही. डेसिकेटरच्या तळाशी क्षाराचे संपृक्त द्रावण, काही अविद्राव्य स्फटिकांसह, ठेवले की आतील हवेची आर्द्रता स्थिर राहते. मॅग्नेशियम क्लोराइडने ३३ टक्के, सोडियम ब्रोमाइडने सुमारे ५८ टक्के आणि सोडियम क्लोराइडने ७५ टक्के आर्द्रता २५ अंशांस मिळते. नमुन्याचे वजन स्थिर होईपर्यंत तो तेथे ठेवावा व नंतर मापन करावे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी हा एक उत्तम प्रकल्प होऊ शकतो. एकाच चूर्णाचे भाग तीन आर्द्रतांशी समतोल करून प्रत्येकाचे सूक्ष्मदर्शकाने व चाळणीने मापन करावे आणि पुन्हा उलट क्रमाने करावे. दोन्ही क्रमांची उत्तरे जुळतात की नाही, यावरून पदार्थाचा पूर्वेतिहासावरील अवलंब स्पष्ट होतो.

वातानुकूलनाविषयीही एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पावसाळ्यात २७ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू सुमारे २४ अंश असतो. २२ अंशांच्या तुलाकक्षातून काढलेली बाटली व्हरांड्यात नेऊन उघडली, तर आतील थंड चूर्णावर पाणी साचणारच. बंद बाटली बाहेरच्या तापमानास येईपर्यंत न उघडणे हा साधा नियम पाळल्यास कित्येक नमुने वाचतील. तसेच कक्ष थंड आहे म्हणजे तो शुष्क आहे असे गृहीत धरू नये, तर आर्द्रतामापकाची नोंद घ्यावी.

६. मापनातील चुकीची किंमत

हा प्रश्न केवळ प्रयोगवहीपुरता नाही. खत (नियंत्रण) आदेश, १९८५ अन्वये गोळीस्वरूप युरियाचा किमान ९० टक्के भाग २.८ मिलिमीटरच्या चाळणीतून जावा आणि किमान ८० टक्के भाग १ मिलिमीटरच्या चाळणीवर राहावा, अशी अट आहे. ओलावा एक टक्क्याहून अधिक नसावा लागतो. हा आदेश जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ खाली काढलेला असल्याने नमुना अप्रमाणित ठरल्यास विक्रेत्यावर कायदेशीर कारवाई होऊ शकते. कोकणात युरियाची मागणी खरिपात, म्हणजे हवा सर्वाधिक दमट असतानाच असते. नमुन्याची बाटली नीट बंद नसेल तर गोळ्या जोडीजोडीने चिकटून २.८ मिलिमीटरच्या चाळणीवर अडकतात. उलट मऊ झालेल्या गोळ्या हलवताना झिजल्यास त्यांचा चुरा १ मिलिमीटरखाली जातो. पहिल्या चुकीने चांगला माल नापास होतो, आणि दोन्ही चुका मिळून निकृष्ट मालाच्या विक्रेत्यास ‘नमुना प्रयोगशाळेत बिघडला’ असा बचाव उपलब्ध होतो. दोन्ही परिस्थितींत नुकसान शेवटी शेतकऱ्याचेच.

श्वासावाटे घ्यावयाच्या औषधांत तर चूक अधिक गंभीर असते. सुमारे १ ते ५ मायक्रोमीटरचे कण फुफ्फुसाच्या आतील भागापर्यंत पोहोचतात, तर त्याहून मोठे कण प्रामुख्याने तोंडात व घशात अडकतात. कण आर्द्रतेने चिकटले तर कुपीतील औषधाची मात्रा तीच राहूनही दमेकऱ्याच्या फुफ्फुसात कमी औषध पोहोचते. रासायनिक पृथक्करण केल्यास औषध शंभर टक्के भरते, म्हणून दोष केवळ कण-मापनातूनच उघडकीस येऊ शकतो.

हवेच्या प्रदूषणाचे मापनही याला अपवाद नाही. प्रकाश-विकिरणावर चालणारे स्वस्त संवेदक दमट हवेत फुगलेल्या क्षारकणांना धूळ समजून वाढीव आकडा दाखवतात. म्हणूनच वजनावर आधारित पद्धतीत गाळणकागद नियंत्रित आर्द्रतेत ठेवल्यानंतरच त्याचे वजन घेतात. गच्चीवर असा संवेदक बसवणाऱ्या महाविद्यालयांनी त्याच्याशेजारी आर्द्रतेची नोंद ठेवणे अगत्याचे आहे.

७. निष्कर्ष व शिफारशी

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, आर्द्रताशोषी चूर्णाच्या कणांचे आकारमान हा एकटा आकडा अर्थहीन आहे. तो पदार्थ, त्याच्या भोवतालची हवा, त्याचा पूर्वेतिहास आणि मापनपद्धती या चौघांचा संयुक्त परिणाम असतो. म्हणून प्रयोगवहीत व शोधनिबंधात पुढील बाबींची नोंद असावी.

१) मापनाच्या वेळचे तापमान व सापेक्ष आर्द्रता.
२) नमुना कोणत्या आर्द्रतेशी व किती काळ समतोल केला ती माहिती आणि त्यापूर्वी तो अधिक दमट हवेत होता काय.
३) मापनापूर्वीचे व नंतरचे नमुन्याचे वजन.
४) वापरलेले माध्यम, त्यातील पदार्थाची विद्राव्यता आणि काही मिनिटांच्या अंतराने घेतलेली पुनर्मापने.
५) मोजले ते मूळ कण की पुंजके, याचा सूक्ष्मदर्शकीय पुरावा.
६) वितरण संख्येवर आधारित आहे की घनफळावर.

यांपैकी एकाही नोंदीस मोठा खर्च येत नाही. रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र व पर्यावरणशास्त्र या विभागांनी मिळून एक आर्द्रतामापक, तीन डेसिकेटर आणि एक अंशांकित सूक्ष्मदर्शक एवढी सामाईक व्यवस्था केली, तरी पावसाळ्याचे चार महिने अडचणीचे न ठरता अभ्यासाचा विषय ठरू शकतील. कोरड्या व थंड प्रदेशांत लिहिलेल्या पाठ्यपुस्तकांत ज्या परिस्थितीचा उल्लेख तळटीपेपुरता असतो, ती आपल्याकडे वर्षातील एक-तृतीयांश काळाची नित्य परिस्थिती आहे. तिचा पद्धतशीर अभ्यास या किनाऱ्यावरील प्रयोगशाळांइतका सहजपणे अन्यत्र होणे कठीण आहे.